काकांचे निरपराध

“वॉल्ट, वन डाउट,” असं म्हणून काका डावा हात वर करत. उजवा हात कमरेच्या पिस्तुलाजवळ, डावा वर्गातल्या हुशार मुलासारखा सरळ आभाळाकडे, आणि समोर वॉल्ट, फुंकायच्या बेतात, तोंडात शिट्टी धरून. मागे रांगेत उभे असलेले शेतकरी, ट्रक ड्रायव्हर आणि एक डेप्युटी शेरीफ लगेच घडीच्या खुर्च्या उलगडून खाली बसत. काकांची शंका म्हणजे नमनाला घडाभर तेल, हे त्या खडीच्या जुन्या खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं.

शंका काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुठल्याही मंडळाच्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेत एक बसलेला असतोच. पण भरलेलं पिस्तूल कमरेला लावून शंका काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत काका आणि मी, आम्ही दोघं होतो. मी एमएस करून नुकताच चिकटलेला, ते मोजमापाच्या खात्यात पंधरा वर्षं मुरलेले. त्यांच्यानंतर आलेले तिघं त्यांचे साहेब होऊन गेले होते. त्यांचं नाव कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणत आणि कुठलंही चीफपद मात्र देत नसत. काका त्यावर कधी बोलले नाहीत. कँटीनमध्ये ते खिडकीजवळच्या टेबलावर एकटे डबा खात, मी आल्यापासून माझ्याबरोबर खात.

वॉल्ट आमच्याच टूलरूममध्ये होता आणि महिन्यातल्या एका रविवारी त्या खाणीत पिस्तुलांच्या स्पर्धा भरवायचा. गेज धरताना काकांचा हात जराही हलत नाही हे त्याने पाहिलं आणि त्यांना बोलावलं. काकांनी कॉलेजात एनसीसीमध्ये पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातली एक शेजाऱ्याच्या टार्गेटला लागली होती. पण सांगताना ते “आमच्या वेळी” अशी सुरुवात करत, त्यामुळे वॉल्टला वाटलं की हे एखाद्या लढाईतून आलेत. मी गेलो तो ड्रायव्हर म्हणून. काका फ्रीवेवर शिरताना मागच्या गाडीची रीतसर परवानगी मिळेपर्यंत थांबत, आणि ती कुणी देत नसे.

ही स्पर्धा म्हणजे एका जागी उभं राहून गोलावर नेम धरणं नव्हे. प्रत्येक फेरीला एक गोष्ट असते. तुम्ही बँकेत आहात, दरोडेखोर आले, असं काहीतरी कागदावर लिहिलेलं असतं आणि समोर पुठ्ठ्याची माणसं उभी असतात. तपकिरी ते बदमाश. पांढरे रंगवलेले ते मधे सापडलेले बिचारे. शिट्टी झाली की धावत, वाकत, आडोसा घेत बदमाशांना टिपायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, म्हणजे चेंगटपणाला क्षमा नाही. पांढऱ्याला गोळी लागली की दहा गुण वजा. बाकीचे त्यांना ‘नो-शूट’ म्हणत. काका त्यांना निरपराध म्हणत.

मी तेव्हा निरपराध माणसं सर्रास मारत असे. फास्ट होतो, त्याचा तोरा होता. बदमाशही पुष्कळ मरत असल्यामुळे माझं नाव यादीत मधेच कुठेतरी राहायचं.

काकांचं तसं नव्हतं, कारण काकूंच्या दोन अटी होत्या. काकू डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात रक्तपेढीत कामाला होत्या. शुक्रवार-शनिवारी गोळी लागलेली माणसं येत आणि त्यांच्यासाठी रक्त जुळवून बाटल्या पाठवायचं काम त्यांच्याकडे असे. काका स्पर्धेबद्दल बोलले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं खाली न ठेवता त्यांनी सांगितलं की पिस्तूल या घरात येणार नाही, आणि ज्या दिवशी निर्दोष माणसाला गोळी लागेल तो तुमचा शेवटचा दिवस. पुठ्ठ्याचा असला तरी. काका हो म्हणाले. पिस्तूल वॉल्टच्या तिजोरीत राहू लागलं.

पहिल्याच रविवारी गोष्ट होती हॉटेलातली. तुम्ही जेवायला बसला आहात, तिघं लुटारू शिरतात, एकाने वेट्रेसला पुढे धरलंय. डावा हात वर गेला. काकांची शंका अशी की मी जेवत असेन तर माझा उजवा हात उष्टा आहे, मग तो पिस्तुलाला कसा लावू? वॉल्ट फार न्यायी माणूस. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि पेपर नॅपकिन वापरायची परवानगी दिली. शिट्टी झाली. काकांनी नॅपकिन उचलला, पाचही बोटं एकेक करून पुसली, नॅपकिनची घडी केली, ताटाखाली सरकवली, आणि मग पिस्तूल काढलं. बाकीच्यांनी नऊ-दहा सेकंदांत उरकलेलं काम त्यांनी अठ्ठावन्न सेकंदांत केलं. तिन्ही लुटारू मेले. वेट्रेसच्या पांढऱ्या पुठ्ठ्याला ओरखडासुद्धा नव्हता. काका शेवटचे आले.

मग ते दर महिन्याला शेवटचे येऊ लागले. आणि दर महिन्याला शंका. मी त्या बँकेत कशाला गेलो? माझं खातं आहे का तिथे? दरोडेखोरांना पाकीट दिलं तर ते जातील का, हे आधी कुणी विचारलं का? शेवटी वॉल्टने वैतागून सांगितलं की चीफ, पुढची गोष्ट तूच लिही.

काकांनी बारसं लिहिलं. दोन पानं, ऑफिसच्या टाइपरायटरवर. तुम्ही बारशाला आला आहात, तुमच्या डाव्या हातात चहाचा ट्रे आहे, सहा कप भरलेले, सांडलेल्या प्रत्येक कपाला पाच सेकंदांचा दंड. बाळाची चेन चोरायला चौघं शिरतात. पाळण्याशी आत्या उभी आहे, बाजूला भटजी, आणि अगदी वाटेत मोठा जावई. एका मक्याच्या शेतकऱ्याने विचारलं की हा तिसरा मधेच का उभा आहे. काकांनी समजावलं की त्याला अजून कुणी चहा विचारलेला नाही, तो रुसलाय, चोर आले तरी तो जागचा हलणार नाही. शेतकऱ्याने मान डोलावली. त्याच्याकडेही असा एक मेहुणा होता.

त्या दिवशी मिशिगनच्या त्या खाणीत तीस धट्टीकट्टी माणसं एका हातात चहाचा ट्रे आणि दुसऱ्यात पिस्तूल घेऊन पाळण्याभोवती धावली. डेप्युटी शेरीफने आत्याला दोन गोळ्या घातल्या. काकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की ती बाई रात्रभर एसटीने सोलापूरहून आली होती. एवढा आडदांड माणूस, पण त्याचा चेहरा खरोखर पडला.

लोकांना बारसं इतकं आवडलं की दर ऑक्टोबरला तीच फेरी ठरून गेली. काकांसाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असे, तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. डेप्युटीने त्यांचं नाव शिकून घेतलं होतं. खरं नाव, आडनावासकट, चुकत-माकत का होईना. काका एकदा गाडीत म्हणाले होते, “या देशात माझी वाट बघतात ती एवढी एकच जागा आहे रे.” मी रेडिओ लावला होता. तो मी बंद केला नाही, याचं आज वाईट वाटतं.

काकूंची अट सगळ्यांना माहीत होती. काकांची पाळी आली की बाकी उद्योग थांबत. चिकटपट्टीने टार्गेटची भोकं बुजवणारे पट्ट्या खिशात घालून येत, कॉफीच्या थर्मासची झाकणं बंद होत. गोळ्या संपल्या की सगळे आधी पांढऱ्या पुठ्ठ्यांकडे जात. काही नाही म्हटलं की तिथेच टाळ्या वाजत. मग कुणीतरी आठवण झाल्यासारखं बदमाशांकडे बघायचं. चार वर्षं हे असं चाललं.

चौथ्या वर्षीच्या ऑक्टोबरात माझी बुद्धी फिरली. जाताना गाडीत मी त्यांना म्हटलं, “काका, आज जरा फास्ट घ्या. एकदा तरी लास्ट नको.” वर हेही म्हटलं की आपल्या लोकांची जरा शोभा होते. काका खिडकीबाहेर कापणी झालेली शेतं बघत राहिले.

वारा होता. त्यांची पाळी आली, वॉल्टने गोष्ट वाचली, शिट्टी तोंडाला लावली आणि सवयीने थांबला. खुर्च्या उलगडल्या गेल्या होत्या. काकांनी हात वर केलाच नाही. वॉल्टने शिट्टी फुंकली आणि काका धावले.

मी त्यांना धावताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. ट्रेमधले कप खुळखुळत होते, इस्त्रीची पँट घोट्यांवर फडफडत होती. पहिला चोर, दुसरा, पाळण्याला वळसा, तिसरा. चौथा चोर मोठ्या जावयाच्या पाठीमागून डोकावत होता. एरवी तिथे ते दहा-दहा सेकंद उभे राहत. त्या दिवशी राहिले नाहीत.

आम्ही सगळे जावयाशी जमलो. त्याच्या डाव्या खांद्याच्या कडेला पुठ्ठा अर्धगोल कापला गेला होता. वॉल्ट गुडघ्यांवर बसला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की हे वाऱ्याने फाटलंय. डेप्युटी म्हणाला की ते भोक सकाळपासूनचं आहे, त्याने स्वतः पाहिलं होतं. शेतकऱ्याने न विचारता शपथ घेतली. ही सगळी एरवीच्या रविवारी चर्चला जाणारी माणसं, पण त्या घटकेला एकाही तोंडातून खरं बाहेर पडत नव्हतं. मीही म्हटलं की मला तर काही दिसत नाही. कुणीतरी त्यावर पट्टी चिकटवूनही टाकली.

काकांनी ती पट्टी नखाने हळूच सोडवली. खिशातून कंपनीत वापरायचं भिंग काढलं, कड नीट तपासली, आणि भिंग वॉल्टकडे दिलं.

“लागली आहे,” ते त्याला इंग्रजीत म्हणाले. “लिही.”

वॉल्टने पेन्सिल खिशात घातली. वारा होता, पुठ्ठा हलला, पुन्हा घे फेरी, असं म्हणाला. काका म्हणाले की वारा सगळ्यांनाच होता. मग त्यांनी वॉल्टच्या खिशातून पेन्सिल काढली, आपल्या नावापुढे दहा वजा लिहिले आणि खाली सही केली. पिस्तूल रिकामं करून त्याच्या हातात दिलं. सगळ्यांशी हात मिळवले. डेप्युटीने हात सोडायला फार वेळ लावला.

त्या महिन्यात ते शेवटून तिसरे आले होते.

परत येताना मी माफी मागायला तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मिटलं. त्यांना दारात सोडून निघून जायची हिंमत होईना, म्हणून चहाला आत गेलो. काका कोट न काढता स्वयंपाकघरात गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

काकूंनी गॅस बारीक केला. “कुणाला लागली?”

“मोठ्या जावयाला.”

“कुठे?”

“डाव्या खांद्याला. कडेला.”

काकूंनी क्षणभर विचार केला. रक्तपेढीतला विचार असावा तो. “एवढ्याने काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “दोन बाटल्यांत वाचेल. पुढच्या महिन्यात जा तुम्ही.”

“ठरलं होतं ना आपलं.”

“अहो, मीच ठरवलं होतं. मीच सोडते.”

“तू सोडशील गं,” काका म्हणाले. “पण त्याचा काही दोष नव्हता.”

काकूंनी दूध उतू जाऊ दिलं. मी चहा न घेताच निघालो. ती गोळी मीच झाडली होती, हे माझ्याशिवाय त्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

नोव्हेंबरला मी एकटा गेलो. खुर्ची मांडलेली होती, बसलं कुणी नाही. वॉल्टने पुठ्ठ्याच्या माणसांची मांडणी दाखवली, गोष्टीचा कागद रांगेतून फिरला, शिट्ट्या झाल्या, गोळ्या सुटल्या. फार थंडी होती आणि सगळं दुपारच्या आत आटोपलं. शेडच्या भिंतीवर यादी लागली. मी नेहमीप्रमाणे मधे शोधलं. नाव नव्हतं. मग खाली खाली येत गेलो, तर सगळ्यात शेवटी माझं नाव होतं. चार वर्षं ती जागा भरलेली असल्यामुळे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं की तिथे कुणाला तरी उभं राहावंच लागतं.

सोमवारी कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर काका डबा उघडत होते. मी समोर बसलो आणि सांगितलं की काल मी लास्ट आलो.

“निरपराध किती?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, काळजीने. माझ्याच घरात काहीतरी घडल्यासारखं.

“कोण कोण होते?”

मला सांगता येईना. कागद माझ्याही हातातून पुढे गेला होता, पण मी तो वाचला नव्हता.