बायडाबाईचा ऑस्ट्रेलियातला मुक्काम

खर्ड्याच्या बायडाबाईनं आयुष्यात प्रवास काही कमी केला नव्हता. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा अजिनाथ ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, चार कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. कधी कोपरगावकडं, कधी त्याच्याही पुढं. एका फडातला ऊस संपला की राहायची पाचटाची कोपी मोडायची, दुसऱ्या फडावर पुन्हा उभी करायची आणि तिथं पाणी कुठं, जळण कुठं हे शोधत हिंडायचं. निम्मं आयुष्य असं बिऱ्हाड हलवण्यात गेलं. त्यामुळं फिरायला जाणं ही हौसेची गोष्ट असते, हे तिच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं.

आणि ते उतरवायला बसली होती तिचीच पोर. पंकजा नगरला नर्सिंग शिकली आणि आता ऑस्ट्रेलियात, ॲडलेड नावाच्या शहरात, एका दवाखान्यात नोकरीला होती. आईवडिलांचा व्हिसा झाल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांच्यासाठी तिनं महिनाभराची सुट्टी साठवून ठेवली होती. दर रविवारी दुपारी ती व्हिडिओ कॉल लावायची आणि बेत सांगायची. आधी मेलबर्न, मग सिडनी, मग विमानानं देशाच्या पार मधोमध. तिथं म्हणे उघड्या माळावर एकच लालभडक डोंगर आहे, तो बघायचा आणि आगगाडीनं ॲडलेडला परत यायचं.

अजिनाथ तर हरखून गेला होता. तो अंगणात काडीनं ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढायचा, तो दर वेळी फुगलेल्या भाकरीसारखाच निघायचा, आणि मुक्कामाच्या गावांवर खडे ठेवायचा. वेशीजवळच्या हॉटेलात चहा प्यायला येणाऱ्यांना तो मेलबर्नहून सिडनीला कसं जायचं ते असं सांगायचा, जसं काही जामखेडला जायचा रस्ताच सांगतोय.

बायडाबाई मात्र प्रत्येक खड्याला मनातल्या मनात एक बिऱ्हाड हलवत होती. प्रत्येक गावाला सगळं सामान न्यायचं का, असं तिनं विचारलं. पंकजा हसली आणि म्हणाली, हॉटेलात सगळं असतं. मग हॉटेलवाले भाकरी थापू देतात का, असं तिनं विचारलं. पुढच्या रविवारपर्यंत पंकजानं सगळीकडं स्वयंपाकघर असलेल्या खोल्या शोधल्या. एवढं चालणं गुडघ्यांना झेपायचं नाही म्हटल्यावर पोरीनं गाडीची सोय केली, आणि गाडी आहेच म्हणून वाटेतली दोन गावं आणखी वाढवली. अंग काढून घ्यायला जावं आणि आणखी गुंतत जावं, असं बायडाबाईचं झालं.

खरं सांगायचं तर तिला कुठंच फिरायचं नव्हतं. पंकजाच्या घरात राहायचं होतं, बस्स. पण पोरीनं रात्रपाळ्या करून सुट्टी साठवलेली. तिचं मन कसं मोडायचं? शेवटी तिनं जावेला, लंकाबाईला, हे सांगितलं. शाळा बुडू नये म्हणून पंकजाला हंगामात गावीच ठेवायचे, तेव्हा लंकाबाईनंच तिला सांभाळलं होतं. ती म्हणाली, तिकिटं निघायच्या आत बोलून टाक, नाहीतर मग गुमान डोंगर बघावा लागेल.

त्या रविवारी पंकजा मोबाईलवर दिसल्या दिसल्या म्हणाली, आज मी सगळं बुक करून टाकते. बायडाबाईनं अजिनाथच्या हातातून मोबाईल घेतला.

"पंकजा, मला फिरायचं न्हाई, बाई."

पंकजानं खाली मान घातली.

"आई, तुमी हंगामाला गेला की तू काकूच्या मोबाईलवर फोन करायची," ती म्हणाली. "आज ह्या गावाला हाय, उद्या त्या. मी पुस्तकातल्या नकाशात ती गावं हुडकायची. त्यातलं एकबी गाव मला कुनी दाखवलं न्हाई. मला वाटलं, आता तरी तुमी जाल तिथं मीबी असंल."

बायडाबाईला भडभडून आलं. पोरीला कोपीतल्या थंडीपासून, पाचटातल्या विंचवांपासून वाचवलं, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती. मागं राहिलेल्या पोरीला आपला हेवा वाटत असेल, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"बाई, त्या गावात बघन्यासारखं काय नव्हतं," ती म्हणाली. "सांज झाली की माज्या मनात एकच यायचं, तू शाळंतून आली असशील आन् मी दारात न्हाई. आता तू कामावरनं येशील तवा मला घरात असायचंय. रोज. गरम भाकरी करून. दुसरं मला काय बघायचं न्हाई."

एरवी मधे मधे बोलणारा अजिनाथ उठून दारातल्या म्हशीला पाणी पाजायला गेला. तिला मघाशीच पाजून झालं होतं.

पंकजानं डोळे पुसले आणि पेशंटशी बोलावं तशा ठाम आवाजात नवा बेत सांगितला. निम्मी सुट्टी ती परत करणार. पहिले दोन आठवडे नेहमीसारखी ड्यूटीवर जाणार. मेलबर्न नको, सिडनी नको. शेवटी फक्त तो लाल डोंगर, तिघांनी मिळून, कारण तेवढं एक तरी गाव तिला आईबरोबर बघायचंच होतं. बायडाबाई म्हणाली, चालंल. त्या डोंगराला जायला तिची आता काही हरकत उरली नव्हती.

"मी दुपारी साडेतीनला घरी येते," पंकजा म्हणाली. "तू झोपली असशील तर झोप. माज्याकडं किल्ली असते."

"मी तिथं आल्यावर किल्ली न्हेत जाऊ नको," बायडाबाई म्हणाली.