ओरडणारं अक्षर

जनुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोडपालीच्या घरात इस्त्री करत होते. त्यांची मुलगी प्रणाली बोलत होती. "काकू, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "फार त्रास झाला का गं?" ती म्हणाली, "शेवटी पाटी मागत होते. हातात दिली, पण खडू धरवला नाही..." अभ्रा करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मी इस्त्री बाजूला केली. त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. शेवटी त्यांना काय लिहायचं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

जनार्दन कोळी हे करंज्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारत. त्यांचा आवाज खाडीतल्या होड्यांपर्यंत पोचायचा, असं तिथले लोक अजून सांगतात. मी तो कधीच ऐकला नाही. आमची ओळख झाली तेव्हा घशाच्या कॅन्सरमुळे डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याला मध्यभागी भोक होतं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधत आणि श्वास घेताना तो रुमाल हलत असे. बोलायचं असलं की पिशवीतून शाळकरी पोरांची पाटी काढून ठसठशीत लिहीत. सातवीपर्यंत शिकलेले होते. बोलल्यासारखंच लिहीत.

पनवेलला स्टँडजवळ एका दुकानाच्या वर कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकवणारा क्लास होता. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, घर रिकामं झालं, म्हणून मी त्रेचाळिसाव्या वर्षी तिथे नाव घातलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाची कार्डं असं काहीबाही करता आलं तरी पुष्कळ, एवढीच माझी झेप. बाकी सगळी विशीतली मुलं. दुसऱ्या आठवड्यात जनुभाऊ आले, बारीक चौकड्यांचा शर्ट इस्त्री करून, उरणहून गाडी बदलून. वयाने आम्ही दोघंच मोठे, म्हणून सरांनी त्यांना माझ्या शेजारी बसवलं. माउस त्यांच्या हातात मावत नसे. तो सरकवत सरकवत ते टेबलाच्या कडेला पोचायचे आणि मग माउस वायरीला लोंबकळायचा. मुलं हसायची. जनुभाऊ तो उचलून पुन्हा सुरुवात करायचे.

अक्षरांचा धडा आला तेव्हा सर म्हणाले, "शब्द असा काढा, की वाचायच्या आधी अर्थ पोचला पाहिजे." मुलांनी 'आग'ला ज्वाळा काढल्या, 'बर्फ'ला टोकं लोंबवली. मी 'फूल' घेतलं आणि ऊकार सोडून सगळीकडे पाकळ्या लावल्या. जनुभाऊंनी 'मागं हो' असे दोन शब्द घेतले आणि चार आठवडे तेच काढत राहिले. सर एकदा कंटाळून म्हणाले, "काका, आता दुसरं काहीतरी घ्या ना." त्यांनी पाटीवर लिहिलं, "मना येवढाच पायजे."

त्या दिवशी क्लास सुटल्यावर खाली चहा घेताना मी कारण विचारलं. त्यांनी पाटी भरून लिहिलं, मी वाचल्यावर पुसलं, पुन्हा लिहिलं. सात पाट्या झाल्या असतील.

ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. बंदरावर एक होडी दुरुस्तीसाठी तारेच्या दोरखंडाने वर ओढत होते. जनुभाऊ थोड्या अंतरावर बसले होते. दोरखंडाचे पीळ एकेक करून सुटताना त्यांना दिसले. त्याच्या अगदी जवळ, पाठमोरा, त्यांचा धाकटा भाऊ धर्मा उभा होता. मशीन सुरू होतं. जनुभाऊंनी टाळ्या वाजवल्या, धावले, पायातली चप्पल काढून फेकली. ती मध्येच पडली. तार तुटून धर्माला बसली आणि तो जागच्या जागी गेला. त्याची बायको सुगंधा मासळी निवडत होती तिथून धावत आली. नवऱ्याकडे बघून झाल्यावर तिने जनुभाऊंकडे मान वळवली...

शेवटच्या पाटीवर एकच ओळ होती : "ती बोलली, भाऊजी, तुमी वरडलात का नाय."

यांना आवाज नाही हे तिला माहीत होतं. तरीही त्या क्षणी तिच्या तोंडून ते आलं. जनुभाऊंनी चहाचा ग्लास तसाच ठेवला आणि पाटी पुसून पिशवीत घातली. तिथे लावायला त्यांना बोर्ड करायचा होता. बंदरावर सूचनांचे बोर्ड होतेच, पण कुणी वाचत नसे. त्यांना वाचायचा बोर्ड नको होता.

पुढच्या आठवड्यात मुलं गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. पाटीवर लिहिलं, "ताई, वरडा." मला समजेना. त्यांनी पडद्यावरच्या शब्दाकडे बोट दाखवलं. मी चारचौघांत खालच्या आवाजात बोलणारी बाई. 'मागं हो' असं म्हटलं तर ते मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी लिहिलं, "तुमचा पोर हाय तिथं उभा."

त्यानंतर मी कशी ओरडले, ते मला सांगता येणार नाही. खालचा दुकानदार जिना चढून वर आला. जनुभाऊंचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. त्यांनी मला आणखी चार वेळा ओरडायला लावलं आणि मग घाईघाईने कागदावर काढायला बसले. 'म'ला ओठ मिटलेले असतात, म्हणून तो लहान आणि घट्ट. 'गं' घशातून सुटतो, तिथून शिरोरेषा चढायला लागलेली. आणि 'हो' केवढातरी मोठा, उघड्या तोंडासारखा, त्याची मात्रा मागे फेकलेली. सजावट कुठेच नव्हती. मी तो कागद पाहिला आणि खुर्चीत थोडी मागे सरले, हे माझ्याही नंतर लक्षात आलं.

तो कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर आखायला त्यांना पुढचा सगळा महिना लागला. एकेक बिंदू धरून वळण ओढायचं, ते निसटलं की परत. मग तपासणीसाठी त्यांना मुंबईला जावं लागलं आणि जाताना त्यांनी फाइल माझ्या हवाली केली. छापायला देण्याआधी एकदा बघून घ्या, एवढंच सांगितलं होतं.

मी काय केलं ते इथे लिहिलंच पाहिजे. मला ती रेषा वेडीवाकडी वाटली. नवशिक्याला जे येतं ते सगळीकडे करून बघावंसं वाटतं, तसं मी शिरोरेषा सरळ केली, 'म' मोठा करून इतरांच्या बरोबरीला आणला, मात्रा जागेवर बसवली, वर लाल रंगाला छान सावली दिली. सरही म्हणाले, "आता प्रोफेशनल वाटतंय." आणि मी ते त्यांच्याच फाइलवर सेव्ह केलं. दुसरी प्रत ठेवायची असते, एवढंही मला सुचलं नाही. मूळ कागद जनुभाऊंनी काम झाल्यावर फेकून दिला होता, स्कॅनही पुसून टाकलं होतं.

ते आले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "स्वच्छ दिसतंय ना?" त्यांनी लिहिलं, "हा तुमी बोलताय. मी नाय." मग जुनं दाखवा म्हणून खूण केली. ते नाही, हे मला सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. पाटी पिशवीत ठेवली, कॉम्प्युटर नीट बंद केला आणि जिना उतरून गेले. पुन्हा क्लासला आले नाहीत.

दीड महिना मी फोन करायचं टाळलं. शेवटी केला तेव्हा प्रणालीने उचलला. रोग परत आला होता, आता मानेत. मी क्लासचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि करंज्याला गेले. घरात सुक्या बोंबलांचा वास, खिडकीशी खाट, खाटेवर जनुभाऊ निम्मे झालेले. मी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून नेली होती. त्यांनी हाताने थांबवलं आणि लॅपटॉप आणा अशी खूण केली.

तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी 'मागं' झालं. दुसऱ्या वेळी हात इतका कापत होता, की एकही वळण धड आलं नाही. मी धरू का, असं विचारलं, तर जोरात मान हलवली. तिसऱ्या वेळी 'हो' झाला. रेषेत कापरं होतं आणि पहिल्यापेक्षा तो वाईट होता, हे त्यांनाही कळत होतं. पाटीवर लिहिलं, "पयला चांगला व्हता." मी म्हटलं, "हो, जनुभाऊ." खोटं बोलून काही उपयोग नव्हता. या वेळी मी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आणि एकाही बिंदूला हात लावला नाही. बोर्ड पत्र्यावर लावून बंदरावर उभा राहिला, तेव्हा त्यांना तिथवर नेण्यासारखी स्थिती नव्हती. प्रणालीने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, फक्त 'हो' दिसेल एवढा, आणि मोबाइल उलटा करून छातीवर ठेवला.

सुगंधा शेजारच्याच घरात राहते. त्या आजारपणात ती दीर म्हणून त्यांचं सगळं करायची, पेज आणून द्यायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. धर्मा गेल्यापासून नाही.

बाराव्याला मी गेले होते. जेवणं झाल्यावर एकटीच बंदराकडे निघाले, तर बोर्डापाशी सुगंधा उभी होती. मी शेजारी जाऊन थांबले. ओळख दिली. ती म्हणाली, "तुमीच काय त्या पनवेलच्या?" मी हो म्हटलं. ती बोर्डाकडे बघून म्हणाली, "मना वाचता येत नाय. पन कललं, भाऊजी वरडतायत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पाहिलं आणि तिचा चेहरा आवळला. "आता वरडून काय उपेग, बाय? माजा माणूस गेला तवा पायजे व्हता ना ह्यो."

तिने कमरेला खोचलेलं फडकं काढलं, शेजारच्या बादलीत बुडवून पिळलं आणि बोर्ड पुसायला लागली. खालून सुरू करून, टाचा उंच करून, 'हो'च्या मात्रेपर्यंत. सवयीचा हात होता. हे कशाला, असं मी विचारलं तेव्हा न थांबता म्हणाली, "खाऱ्या वाऱ्याचा मीठ बसतो. रोज पुसला नाय तर दिसत नाय."