टायरला माया नसते

आमचे हे मास्तर. शाळेतले नव्हेत, कात्रीतले. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, पण एकाही गिऱ्हाइकाला ‘तुम्ही जाड झालात’ असं म्हणाले नाहीत. ‘कापड आटलंय,’ म्हणायचे. खाली दुकान, वर आम्ही. ते शिवतात आणि मी आमच्या खटारा व्हॅनमधून शाळांचे, दवाखान्यांचे गणवेश पोचवते. सव्वीस वर्षं व्हॅन चालवतेय, कुठे घासलेली नाही. एका फाटकाला लागली होती, पण ते फाटकच चुकीच्या जागी होतं.

मास्तरांचा सगळ्या आयुष्याला एकच मंत्र: माया सोडा. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड राखून ठेवायचं, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माणूस आज आहे तेवढा उद्या राहत नाही, उसवून वाढवता आलं पाहिजे. माझ्यासाठी पहिला कोट शिवला त्यात एवढी माया सोडली होती, की मी विचारलं, यात आणखी कोणी येणार आहे का?

तर चार वर्षांपूर्वी या माणसाने गाडी घेतली. साधीसुधी नाही. बटण दाबलं की छत दुमडून मागच्या डिकीत जाऊन बसतं, अशी उघड्या छताची, गर्द हिरवी, चामड्याच्या सीटची, मोठ्या घरची गाडी. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका दातांच्या डॉक्टरांची होती. तिच्या कापडी छताला हातभर चीर गेली, मेकॅनिक म्हणाले अख्खं छत बदला, डॉक्टर वैतागले. मास्तरांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हे तर कापडाचं काम आहे!” झालं. दात काढणाऱ्याची गाडी आमच्या दारात आली आणि गल्ली आमच्यावर दात काढू लागली.

मी डोक्याला हात लावला. तेव्हा मला गप्प करायला ते म्हणाले, “रफू होऊ दे. छत उघडून तुला समुद्रावर नेतो. थेट दीपस्तंभापर्यंत. मी चालवणार, तू नुसती बसायचं.” बावीस वर्षं दुसऱ्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या बाईला ‘तू नुसती बसायचं’ म्हटल्यावर तिने काय करावं? मी विरघळले.

समुद्र दीड तासावर. रफू तीन आठवड्यांत झालं, आणि असं झालं की चीर कुठे होती ते डॉक्टरांनाही सापडेना. पण समुद्र काही आला नाही. आधी म्हणे छताच्या बिजागऱ्यांना वंगण लागेल. मग म्हणे काचेच्या कडेचं रबर कडक झालंय, त्याला महिनाभर तेलाचा हात द्यायला हवा. छताच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती तुंबली की पाणी थेट सीटखाली. ती भोकं मास्तर दर रविवारी जाड दोऱ्याला गाठ मारून साफ करायचे. माझ्या मोरीची जाळी तुंबली तर आठ दिवस नुसतं ‘बघतो’.

गल्लीने गाडीचं नाव ठेवलं बाईसाहेब. मी नुसती बाई. बाईसाहेब दर रविवारी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत. कधीमधी मलाही मान मिळे: सीटवर चादर, चादरीवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर मी. चपला हातात. मी म्हणे, “मला डिकीत टाका ना, जास्त बरं.” तर गंभीरपणे म्हणत, “तिथे छताची जागा आहे.”

मला चालवू द्यायचा प्रश्नच नव्हता. “तुझा हात व्हॅनचा आहे,” म्हणायचे.

यंदा गाडीची वार्षिक तपासणी आली. तपासनीस म्हणजे सुकलेला, चष्मेवाला माणूस. त्याने टायरच्या बाजूला नख दाबलं आणि मान हलवली.

“टायर बदला. पंधरा दिवसांत. नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही.”

मास्तर उसळले. “अहो, नक्षी बघा! कोरी आहे! चार वर्षांत झिजलीच नाहीये!”

“झिजली नाही, वाळलीय,” तो म्हणाला. टायरवर तो कधी बनला त्याचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या हिशेबाने टायर नऊ वर्षांचे निघाले. बाजूने केसासारख्या भेगा पडल्या होत्या. “टायर चालून मरत नाहीत तितके बसून मरतात.”

माझ्या मनात आलं, अगदी माझ्यासारखेच. घरी आल्यावर मी ते बोलूनही दाखवलं. म्हटलं, “ऐका. टायर बदलायचे आणि बदलले की त्याच दिवशी, तिथूनच समुद्र. नाहीतर ‘गाडी विकणे आहे’ ही पाटी मी माझ्या हाताने लावीन. चार वर्षं वाट बघितली, आता माया संपली.”

मास्तरांनी हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन टायरपुढे तासभर बसले आणि मोठ्या अक्षरांत टायरच्या मापाची चिठ्ठी लिहून आणली: २५५. निघताना म्हणाले, “तू व्हॅन घेऊन पुढे हो. मी मागून येतो. खड्डे आले की ब्रेक दाब, म्हणजे मला कळेल.” मला वाटलं, बाईसाहेबांच्या पुढे आता पायलट गाडीही लागायला लागली! पण समुद्र डोळ्यासमोर होता, म्हणून गिळलं. सगळ्या रस्त्याने आमची वरात ताशी पंधराच्या वेगाने गेली. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वर सहानुभूतीने बघितलं.

टायरवाली बाई दणकट, कानामागे पेन्सिल, हात दंडापर्यंत काळे. छतापर्यंत रचलेल्या टायरांमधून बाहेर आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि थेट मुद्द्यावर आली.

“मास्तर, वेगाचे टायर हवेत की आरामाचे?”

“शोभतील असे.”

“शोभा राहू द्या. उघड्या छताच्या गाडीला डोक्यावर आधार नसतो, त्यामुळे अंग हलतं. कडक टायर घातलात तर बारीक खड्डाही कवटीत वाजेल. मऊ, कमी आवाजाचे घ्या. आणि डिकीत छत बसतं म्हणजे स्टेपनी नाही. तेव्हा पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर मिळतात, पण ते कडक असतात. काय निवडता?”

“मऊ,” मी म्हटलं. “पंक्चर झालं तर मी ढकलीन. सवय आहे.”

“काकू, तुम्ही माझ्या दुकानात कामाला या,” ती म्हणाली, आणि मास्तरांची चिठ्ठी वाचून थबकली. “दोनशे पंचावन्न? या गाडीला दोनशे पंचवीस लागतात. तीन सेंटीमीटर जास्त लिहिलंत.”

मास्तरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग छाती काढून म्हणाले, “मला माहीत आहे. मुद्दाम लिहिलंय. माया सोडलीय.”

“काय सोडलीय?”

“माया! उद्या रबर आटलं तर?”

त्या बाईने पोट धरून हसायचं तेवढं बाकी ठेवलं. “मास्तर, टायरला माया नसते. मापाचा तो मापाचा. आत चाकावरच्या कमानीला घासेल.”

“चाळीस वर्षं मापं घेतोय मी!”

“बरं, एक बसवून दाखवते,” ती म्हणाली. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पुढच्या एका चाकावर मोठा टायर चढवला, गाडी खाली घेतली आणि स्टिअरिंग फिरवलं. खर्रर्र! पत्र्यावर कात्री ओढावी तसा आवाज आला. दुकानातले सगळे आमच्याकडे बघायला लागले. मला म्हणायचं होतं, हा माणूस माझा कोणी लागत नाही.

टायरवाल्या बाईने काढलेला जुना टायर त्यांच्यापुढे उभा केला. आकड्यांवर पेन्सिल टेकवली. “हे घ्या. तुम्हीच वाचा.”

मास्तर वाकले. मान डावीकडे केली. मग उजवीकडे. कोंबडी दाणा बघते तसं तिरकं बघितलं. “दोनशे... पंचावन्न,” म्हणाले.

आकडे बोटभर उंचीचे होते. मी चार पावलांवर उभी होते, चष्मा पर्समध्ये होता, आणि मला तिथून स्वच्छ दिसत होतं: दोनशे पंचवीस.

वर्षभर सुईत दोरा मी ओवत होते, कारण म्हणे ‘हल्लीच्या सुया चांगल्या नाहीत’. काजं माझ्याकडे आली होती, कारण म्हणे ‘तुझा हात बसलाय’. खडूच्या रेघा बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. आणि आज रस्ताभर ते माझ्या व्हॅनच्या लाल दिव्याला धरून आले होते. बाई, तू सगळ्या जगाच्या गणवेशांचे नंबर वाचतेस, आणि घरातलं तुला वाचता येत नाही! मला त्यांचा भयंकर राग आला आणि माझा त्याहून जास्त.

मी टायरवाल्या बाईला म्हटलं, “दोनशे पंचवीसचे चार. मऊ.” आणि मास्तरांना दंडाला धरून बाहेर बाकावर बसवलं.

“कधीपासून?”

“वर्ष झालं,” ते म्हणाले. “डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं, गेलेलं येणार नाही. कडेचं दिसतं. मधलं जातं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझे कान दिसतात, तू नाहीस.”

“आणि अशा डोळ्यांनी तुम्ही गाडी चालवत आलात? कोणी चाकाखाली आलं असतं म्हणजे?”

“म्हणून तर पंधराच्या वर गेलो नाही.” मग हळूच म्हणाले, “तुला कबूल केलं होतं ना, मी चालवणार, तू नुसती बसायचं. पहिली तीन वर्षं उगाच लाड करण्यात घालवली. मग हे झालं. एकदा तरी न्यावं म्हटलं.”

मला रडू आलं. मी रडलेही, तिथेच, टायरांच्या ढिगासमोर. मग नाक पुसलं आणि हात पुढे केला. “किल्ली.”

“तुझा हात व्हॅनचा—”

“किल्ली!”

त्यांनी दिली.

व्हॅन दुकानातच सोडली. मी प्लॅस्टिक काढलं, चादर काढली, चपला घालून बसले आणि बटण दाबलं. छत मागे गेलं. मास्तर शेजारी बसले, आयुष्यात पहिल्यांदा. पहिला अर्धा तास जीव नकोसा केला. “हळू. पायडल शिलाई मशीनचं समज. एवढा जोर कशाला? वळणावर टाका सोडल्यासारखी सोड.” मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही नुसतं बसायचं.” नवे टायर खरंच आवाज करत नव्हते. वाऱ्याने माझ्या केसांची झाडू झाली होती आणि त्यांनी टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मधूनच ते म्हणाले, “डावीकडे झाडं जातायत ना? दिसतायत मला.” कडेचं होतं ते.

दीपस्तंभापाशी गाडी थांबवली. समोर समुद्र, चार वर्षं उशिराने. मला वाटलं हे समुद्राकडे बघतील. पण हे उतरले आणि पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. डोळे मिटले आणि टायरवर उठलेल्या आकड्यांवरून अंगठा फिरवू लागले, रफू तपासतात तसा.

“दोनशे पंचवीस,” म्हणाले. एकही आकडा चुकला नाही. मग चार आकडे शोधून तारीखही वाचली. “यंदाचाच माल आहे.”

“मग चिठ्ठी लिहिताना असं का नाही वाचलंत?”

“भिंगाने दिसेल असं वाटलं. आणि दुकानात चार लोकांसमोर चाचपत कोण बसणार?”

मी त्यांना उठवायला वाकले. त्यांनी तोच अंगठा माझ्या गालावर ठेवला आणि हळूहळू फिरवला, कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत, नीट माप घ्यावं तसा. रबराने काळा झालेला. म्हणाले, “इथे गालाला बरीच माया सुटलीय.”

“हात काळे आहेत, आधी पुसा,” मी म्हटलं. पण तोंड काही बाजूला केलं नाही.