खासदारांचा इस्त्रीवाला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर जागोजागी करपलेलं ब्लँकेट आणि मागे घामाघूम मालक. रस्त्यापलीकडच्या बंगल्यातल्या खासदारसाहेबांचे पांढरे शर्ट वर्षानुवर्षं त्याच्याकडे यायचे. साहेबांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. गाठोडं ड्रायव्हर आणायचा. पण साहेबांच्या कॉलरपर्यंत हात पोचलेला माणूस म्हणून गल्लीत त्याचं भारी वजन. कुणाला मुलीची बदली हवी, कुणाला दवाखान्यात खाट. "साहेबांच्या कानावर घालतो," असं तो गंभीरपणे म्हणायचा. घालायचा मात्र कधीच नाही. तरी एखादं काम आपसूक व्हायचं, आणि त्याचं श्रेय तो अगदी नम्रपणे घ्यायचा.

मग मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. बंगला जुन्या मतदारसंघात राहिला, आमची गल्ली नव्यात गेली. ड्रायव्हर रिकाम्या हातांनी आला.

"साहेब म्हणाले, कपडे आता आपल्या मतदारांकडेच द्यायचे."

"अहो, एक रस्ता तर ओलांडायचाय."

"तुमचं मत ओलांडत नाही ना."

गल्लीतले लोक बिचाऱ्याकडे आता फक्त चुरगळलेले कपडे घेऊन येऊ लागले, हे त्याला जास्तच लागलं. बायकोनं सांत्वन केलं, "चला, आता तरी घरच्या चादरींचा नंबर लागेल."

पण नव्या मतदारसंघाला खासदार हवाच होता, आणि जनतेसाठी तेवढा त्रास सोसायला तिघे जण तयार झाले. जुने साहेब याच इस्त्रीच्या जोरावर दरवेळी निवडून आले, असं कुणीतरी तिघांच्याही डोक्यात भरवलं. तीन गाठोडी येऊन पडली. एकाचे शर्ट दुसऱ्याच्या माणसाला दिसू नयेत म्हणून बायकोनं मध्ये जुनी साडी बांधली.

"कोण येणार निवडून?" तिनं विचारलं.

"तिघंही. मी तिघांना तसंच सांगितलंय."

निवडून अर्थातच एक आला आणि धुण्यासकट राजधानीला गेला. पडलेले दोघे मात्र येत राहिले. हरलेल्या माणसाला पुढची पाच वर्षं रोज टापटीप दिसावं लागतं. जिंकलेल्याला दिसावंच लागत नाही. धंदा पूर्वीपेक्षा बरा चालू लागला.

विजयी उमेदवाराचा एक शर्ट तेवढा दुकानात राहून गेला. इस्त्रीवाल्यानं त्यांच्या कार्यालयात फोन केला, तर अर्ज करा म्हणाले. महिनोन्‌महिने शर्ट खुंटीवर लटकत राहिला. शेवटी घरी बसून असलेला मेहुणा तो घालून मुलाखतीला गेला आणि नोकरी घेऊन आला. नव्या खासदारांनी आमच्या गल्लीत लावून दिलेली ही पहिली नोकरी. बाह्या तेवढ्या दुमडाव्या लागल्या.