लायल ट्रेझीसची पाणसळ

लायल ट्रेझीस शर्टाच्या खिशात पाणसळ घेऊन फिरायचा. बोटभर लांबीची, पितळी, मधल्या नळीत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा, जो सपाट जागेवरच मधोमध थांबतो. लोक चष्मा ठेवतात तिथं याची पाणसळ. कुणाच्या घरी गेला की बसायच्या आधी ती टेबलावर ठेवायचा, बुडबुडा बघायचा आणि चकार शब्द न काढता परत खिशात टाकायचा. त्या न बोलण्यानं आमच्या मूंटा गावातल्या निम्म्या बायका दुखावल्या होत्या. स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीला त्यानं ती शवपेटीच्या झाकणावर ठेवली. पेटी त्यानंच केली होती. बुडबुडा मधोमध आला, मगच लायल रडला.

बाप मोटारींच्या लाकडी बैठका करायचा, आणि वर्षभर शवपेट्या. "बसवायचं की निजवायचं एवढाच फरक," असं म्हणायचा. लायल चौदाव्या वर्षी त्याच्या हाताखाली गेला आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्याच शेडमध्ये होता. लग्न केलं नाही. विचारलं तर "वेळ नाही मिळाला" म्हणायचा आणि घड्याळाकडे बघायचा. साठ वर्षांत त्याच्या तोंडून "चुकलं" हा शब्द कुणी ऐकला नव्हता. चॅपलला त्यानं बसवलेलं दार एका उन्हाळ्यात लागेना, तेव्हा त्यानं भिंत मापली आणि भिंतच हलल्याचं सिद्ध केलं. भिंत खरंच हलली होती. अशा माणसाशी मैत्री ठेवणं सोपं नसतं.

मी ठेवली. मी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा चिटणीस, त्याआधी तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. लायलच्या शेडमध्ये माझं काम एकच: लांब लाकडाचं दुसरं टोक धरणं. माझी लायकी त्यानं तेवढीच ठरवली होती आणि मलाही ती पटली होती.

त्या फेब्रुवारीत आयव्हर आणि मर्ल रॉडा शेडवर आले. आयव्हर जवाचा शेतकरी, वय चौऱ्याऐंशी, शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. त्याची सत्तावीस सालची उघडी शेवरलेट अकरा वर्षं कोठारात उभी होती आणि पुढच्या बैठकीचा लाकडी सांगाडा वाळवीनं खाऊन टाकला होता. एप्रिलमध्ये दोघांच्या लग्नाला साठ वर्षं होत होती. एप्रिलनंतर आयव्हरच्या लायसनच्या कागदावर सही करणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाची, क्लबाच्या हॉलपासून समुद्रावरच्या धक्क्यापर्यंत आणि परत, अशी एकच फेरी उरली होती. त्यानंतर बायकोला शेजारी बसवून गाडी चालवणं संपलं.

"सांगाडा नवा कर," आयव्हर म्हणाला. "आणि सरळ कर. साठ वर्षं ही बैठक माझ्या बाजूला उतरलीय. मर्ल घसरत येऊन अंगावर आदळते. एकदा तरी ऐसपैस बसून चालवू दे."

"याच्या कुरकुरीपुढे इंजिनाचा आवाज कधी ऐकूच आला नाही मला," मर्ल छताकडे बघत म्हणाली.

"सरळ म्हणजे सरळच होईल," लायल म्हणाला. त्याला ही सूचनाच थोडी अपमानाची वाटली होती.

लायलची पद्धत अशी की आधी जुनं सगळं सोडवायचं. त्यानं जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि सांगाड्याचा एकेक तुकडा जागच्या जागी मांडला. काही तुकडे हातात घेताच भुसा होऊन गळाले, तर तो भुसासुद्धा त्याच्या जागी ढीग करून ठेवला. डाव्या बाजूला, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या बुडाखाली, त्याला दोन पाचरी सापडल्या. पुढच्या कोपऱ्यातली संत्र्याच्या खोक्याच्या फळीची, वेड्यावाकड्या खिळ्यांनी ठोकलेली, निम्मी वाळवीनं खाल्लेली. मागच्या कोपऱ्यातली जारा लाकडाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली, दोन पितळी स्क्रूंनी बसवलेली. जाराला वाळवी तोंड लावत नाही.

"ही पुढची कुणा अडाण्याची," लायल म्हणाला. "मागची शिकलेल्याची. पण दोघंही गाढवच. सरळ बैठक वाकडी केली." त्यानं दोन्ही पाचरी बिस्किटांच्या डब्यात टाकल्या.

पाच आठवड्यांत नवा सांगाडा झाला. टास्मानियाच्या ओकचं लाकूड, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. वर चामड्याची गादी येणार, म्हणजे हे काम आता पुढच्या वाळवीशिवाय कुणाला दिसणार नव्हतं. त्यानं तो गाडीत बसवला, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. मला त्या बुडबुड्याचा मनापासून कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी मर्ल एकटीच आली. मांस-बटाटा भरून भाजलेल्या चार पेस्टी टॉवेलात गुंडाळून घेऊन, अजून गरम. आमच्याकडे बाई अशी पेस्टी घेऊन आली की समजायचं, काम अवघड आहे. ती गाडीत चढली, डाव्या टोकाला बसली आणि बसूनच राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "लायल, याच्याखाली पाचर घाल."

लायलनं पेस्टी खाली ठेवली.

"सत्तावन्न साली आयव्हर मला फिरायला न्यायचा," मर्ल म्हणाली. "माझे बाबा चॅपलमध्ये प्रवचन करायचे, माहितीये ना तुला. त्यांची अट होती. गाडीचं टप पाडलेलं पाहिजे, आणि मी माझ्या टोकाला, तो त्याच्या टोकाला. मध्ये एका माणसाची जागा. फाटकात उभे राहून बघायचे. आणि हा आयव्हर असला आज्ञाधारक, की ते दिसेनासे झाले तरी इंचभर सरकायचा नाही. शेवटी मीच एकदा संत्र्याचं खोकं फोडून बैठकीच्या पुढच्या कोपऱ्याखाली पाचर ठोकली. मग काय, वळण आलं की मी त्याच्याकडे. बाबा ओरडले तर मी म्हणायचे, बैठकच वाकडी आहे, मी काय करू?"

"आणि आयव्हर?"

"त्याला काय कळतंय! साठ वर्षं कुरकुर करतोय. पण लांब कधी सरकला नाही. तेवढंच रे आमचं. घरात तो त्याच्या खुर्चीत, मी माझ्या. रस्त्यात त्यानं कधी हात धरला नाही. गाडीत मात्र मी त्याच्या खांद्याला."

"मग त्या दिवशी सरकून बसा की," लायल म्हणाला. "त्याला पाचर कशाला?"

मर्लनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की मी दुसरीकडे बघितलं. "साठ वर्षांनी? तो विचारेल, काय गं, काय झालं? मग मी काय सांगू?"

लग्न न केल्याचे तोटे असे भलत्या वेळी समोर येतात.

"पाचर एकच होती?" लायलनं विचारलं.

"एकच. पुढच्या कोपऱ्यात. माझ्या हातची, म्हणजे दिसायला वाईटच असणार."

लायलनं बिस्किटांचा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. तिला काही दाखवलं नाही. "बघतो," म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं जाराची पाचर माझ्या हातात दिली. "स्क्रू बघ." दोन्ही स्क्रू अजून तिच्यातच होते आणि त्यांच्या माथ्यावरच्या खाचा एका रेषेत होत्या. आमच्या गावात स्क्रूच्या खाचा जुळवणारी माणसं दोनच. एक लायल. दुसऱ्यानं चॅपलचे बाक दुरुस्त केले होते, आणि तो दुसरा आयव्हर रॉडा.

"एकट्या पुढच्या पाचरीवर बैठक डगमगली असती," लायल म्हणाला. "उतार धरला नसता. कुणीतरी ती उचलून बघितली, पुढची पाचर पाहिली, आणि ती काढून टाकायच्या ऐवजी मागे दुसरी घातली."

"म्हणजे आयव्हरला पहिल्यापासून ठाऊक होतं? मग सरळ कर असं का सांगितलं?"

"ती शेजारी उभी होती. साठ वर्षं कुरकुर केल्यावर माणूस एकदम कसा म्हणेल, की वाकडीच ठेव?"

"मग मर्लला सांगू या."

"ते आपलं नाही," लायल म्हणाला. मग आपण केलेल्या सांगाड्याच्या सांध्यांवरून हात फिरवला. आयव्हरला चारचौघांत शब्द दिला होता, आणि गाडी बघायला सगळा क्लब जमणार होता. मी घरून संत्र्याचं खोकं आणलं. लायलनं जुन्याच जाडीची पुढची पाचर केली. मग मी आयव्हर होऊन उजवीकडे बसलो आणि लायल मर्ल होऊन डावीकडे. तो हलकेच घसरून माझ्या खांद्याला टेकला, आणि आम्ही दोघं दोन मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

"पुरे," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये, फेरीच्या शनिवारी हॉलसमोर चाळीसेक माणसं होती. क्लबाचा अध्यक्ष ब्रेंटन हूपर, ज्याला लायलनं एकदा त्याच्याच जेवणाच्या टेबलावर पाणसळ ठेवून दाखवली होती, तो पुढे आला. "लायल, आज तुझीच पाणसळ दे बघू." त्यानं ती बैठकीवर ठेवली. बुडबुडा सरळ डाव्या, उंच टोकाला जाऊन बसला. लोक हसले.

"डोळे तपासून घे रे बाबा!" ब्रेंटन म्हणाला. "का भिंतच हललीय?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लायल माझ्याकडे बघत नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि पाणसळ उचलून खिशात टाकली.

मर्लनं खाली मान घातली. आयव्हर स्टिअरिंग धरून बसला होता. "वाकडीच केलीस शेवटी," तो म्हणाला. "राहू दे आता. उशीर होतोय." गाडी निघाली. कोपऱ्यावर वळली तेव्हा मागून दोन डोकी दिसत होती, एकमेकांना लागून.

तासाभरानं परत आले. मर्ल चहाकडे गेली. आयव्हर सावकाश उतरला, लायलजवळ येऊन उभा राहिला आणि दोघं गाडीकडे बघत राहिले.

"मागच्या कोपऱ्याला काय घातलंस?" आयव्हरनं हळूच विचारलं.

"जुनीच. जाराची."

"स्क्रू?"

"तेच, पितळी. खाचा एका रेषेत."

आयव्हरनं मान डोलावली. मग हात लांब करून लायलच्या खिशातली पाणसळ नीट आत सरकवली, आणि मर्लसाठी चहात साखर घालायला निघून गेला.