उंबरठ्यावरचा तांब्या

वेगवान रेल्वेगाडीचं नाव काढलं की मला आता शिसारी येते. गाडी चांगली आहे, स्वच्छ आहे, वेळेवर येते. पण माझ्या मोठ्या बहिणीच्या घराची तिनं काय दशा केली ते मी पाहिलंय.

बहिणीचं घर जंगलाच्या गेटजवळ, वाटेवरच. पूर्वी पर्यटक पॅसेंजरनं रखडत बल्लारपूरला उतरत, गावात पोचेपर्यंत दिवस कलत असे. मग मुक्काम ठरलेलाच. त्यांच्यासाठी बहिणीनं दोन खोल्या बांधल्या. पाहुणा दारात आला की आधी उंबरठ्यावरच्या पितळी तांब्यातलं पाणी, मग विचारपूस, ही आमच्या आईची रीत. पाहुणे आंबाडीच्या भाजीवर ताव मारत आणि वाघ दिसला नाही तरी हसत जात. त्या खोल्यांवर तिचं घर चालत होतं.

मग नवी गाडी आली. आता लोक सकाळी उतरतात, वाघ पाहतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जेवायला घरी परत. पर्यटन वाढलं म्हणून शहरात पेढे वाटले. वाढलं तर! बहिणीच्या दारात दिवसभर सफारीच्या जिप्सी थांबतात. कशाला? गाडी पकडायच्या आधी संडासला जायला. खोल्यांना कुलूप आणि संडासासमोर रांग. भिंतीवर खर्र्याच्या पिचकाऱ्या, अंगणात लेकरांचे डायपर. किळस येते नुसती.

मी म्हटलं, "काऊन येऊ देतं बाई यायले? हाकलून लाव."

"दारात आलेल्याले नाई म्हनू का मी? आपल्यात असं राह्यते का?"

गेल्या उन्हाळ्यात माझ्यादेखत एक पर्यटक बाई संडासातून बाहेर आल्या. बहिणीनं रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्याकडे न बघताच त्यांनी तांब्यात नोट टाकली आणि "चलो, ट्रेन छूट जाएगी" म्हणत जिप्सीत चढल्या. नोट पाण्यावर तरंगत राहिली. दगड घेऊन त्या जिप्सीमागे धावावंसं मला वाटलं. बहिणीनं पाणी नालीत ओतलं आणि तांब्या घेऊन आत गेली.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. पाहुण्यांच्या खोल्यांत धानाची पोती रचलेली होती. "बस भाऊ," म्हणून बहीण समोर टेकली, घरच्यांची खुशाली विचारू लागली. उंबरठा रिकामा होता. माझ्या घशाला कोरड पडली होती.

त्या घरात जन्मात पहिल्यांदा मला पाणी मागून घ्यावं लागलं.