चौकाचा आराखडा अन् जाधव बाईंचा अर्ज

नगरपरिषदेत बावीस वर्षं नकाशे काढतोय. नकाशे फायलीत जातात, किस्से मात्र माझ्याच डोक्यात साठत राहतात. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "ऑफिसात सांगा, तिथं हसतील." ऑफिसात कसं सांगू? सगळे त्या किश्श्यांतलेच.

सगळ्यात जास्त किस्से दिले ते मेन चौकाच्या वाहतूक आराखड्यानं. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, एका बाजूला स्टँड अन् समोर मुलींची शाळा, असा आमचा चौक. शाळेच्या मुख्याध्यापिका जाधव बाई. गेल्या वर्षी त्यांच्या शाळेतल्या सातवीच्या एका पोरीच्या पायावरून मोटारसायकल गेली. तेव्हापासून बाईंची मागणी एकच: गेटसमोर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे अन् दोन्ही अंगाला स्पीडब्रेकर. दर सोमवारी अर्ज घेऊन यायच्या. आमचे साहेब म्हणायचे, "बाई, आधी आराखडा होऊ द्या."

*

आराखड्यासाठी पुण्याचे सल्लागार आले. पायी चालणारे मोजायला त्यांनी दोन पोरं बसवली. फॉर्मवर रकाना होता, 'फुटपाथवरून चालणारे'. आता चौकात फुटपाथच नव्हता. पोरांनी इमानदारीत दिवसभर शून्य लिहिलं.

सल्लागारांनी पडद्यावर दाखवलं, "इथं पादचारी नाहीत, सबब फुटपाथची गरज नाही."

मागच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, "मग माझ्या शाळेत रोज येतं कोण?"

"प्रश्न शेवटी," साहेब म्हणाले. शेवटी चहा झाला.

*

मग वन-वे. व्यापाऱ्यांची मीटिंग बोलावली, सगळे एका सुरात म्हणाले, वन-वे पाहिजेच. कुठल्या दिशेनं, एवढंच ठरत नव्हतं. कापडवाल्याला गिऱ्हाईक स्टँडकडून पाहिजे, भांडीवाल्याला उलट्या अंगानं. दोघं एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचले.

साहेबांनी तोडगा काढला: सकाळी इकडून, दुपारी तिकडून. दोन्ही पाट्या म्याच रंगवल्या. सकाळी सरळ लावलेली गाडी जेवणानंतर बसल्या जागी उलटी व्हायची. पहिली पावती फाटली साहेबांच्या ड्रायव्हरची.

*

मग चौकाच्या मधोमध गोल सर्कल बांधलं. लई देखणं. कारंजंसुद्धा होतं, पाणी तेवढं नव्हतं. सल्लागारांनी त्याचं वळण स्वतःच्या कारवरून काढलं होतं. साखर कारखाने सुरू झाले अन् ढोकीच्या कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट त्यात अडकला. स्टँडपर्यंत गाड्या तुंबल्या.

साहेब स्वतः खाली उतरले. "मागं घे," म्हणाले.

ड्रायव्हर गडी शांत. "साहेब, दोन ट्रॉल्या मागं जात न्हायत. तुमचं सर्कल जातंय का बघा."

दुपारी जेसीबी आला अन् सर्कल गेलं. तोवर अर्ध्या गावानं ट्रॉलीतला ऊस सोलून खाल्ला होता.

*

एवढं झाल्यावर सल्लागारांनी निष्कर्ष काढला की गाड्यांना अडथळा माणसांचाच आहे. जे पादचारी नव्हतेच, ते आता आडवे यायला लागले. उपाय म्हणून रस्त्याच्या मधोमध, स्टँडपासून पेट्रोल पंपापर्यंत लोखंडी रेलिंग. नकाशात म्या शाळेसमोर जागा सोडली होती. साहेबांनी ती खोडली. "रेघ सलग दिसू दे," म्हणाले. मला राग आला, पण तोंड उघडलं न्हाय. त्याची लाज अजून वाटते.

रेलिंग उभं राहिलं अन् पोरी पंपापर्यंत जाऊन वळसा घालायला लागल्या. धिटुकल्या सरळ वरून चढायच्या, अन् पलीकडं उडी टाकली की थेट गाड्यांपुढं. बाईंचा जीव टांगणीला. उद्घाटनाच्या दिवशीही त्या अर्ज घेऊन गेटपाशी उभ्या होत्या.

शाळेच्या अंगाला फीत कापली, नारळ फुटला, भाषण झालं. साहेबांना धाराशिवला मीटिंग होती अन् गाडी रेलिंगच्या पलीकडं. ऊन मरणाचं. पंपाकडं एकदा बघून साहेबांनी पँट वर घेतली अन् चढले. एक पाय इकडं, एक पाय तिकडं झाला अन् वरच्या टोकात पँट अडकली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. माणसं जमली, मोबाईल निघाले.

जाधव बाईंनी शाळेतून स्टूल आणलं. रेलिंगजवळ आल्या, पण स्टूल खाली ठेवलं न्हाय. काखेत धरलं अन् अर्ज वर केला.

"बाई, सोमवारी या, आपण बसून..."

"तुम्ही बसलेलेच आहात, साहेब," बाई म्हणाल्या. "सही करा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्या खिशातलं पेन काढून दिलं.